अँटेनाचा खांब चढवण्याआधी तो उतरवायचा कसा, ते ठरवा

माझ्या हौशी (हॅम) रेडिओच्या अँटेनाचा पहिला खांब चार जणांनी मिळून उभा केला होता. सहा मीटरचा पाइप, दोरखंड आणि भरपूर आरडाओरडा. पुढच्याच पावसात अँटेना मुकी झाली. आता तो खाली घ्यायला पुन्हा चार जण कुठून आणायचे? तेव्हापासून माझा नियम एकच: दोघांना आरामात उतरवता येईल एवढाच खांब उभारायचा.

त्यासाठी आधी उंचीचा मोह आवरा. व्हीएचएफवर, म्हणजे ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर, रेडिओचं क्षितिज (लहरी साधारण जिथवर पोचतात ते अंतर) उंचीच्या वर्गमुळाने वाढतं. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की किलोमीटर मिळतात. ९ मीटरला साधारण १२ किलोमीटर, १८ मीटरला साडेसतरा. उंची दुप्पट, पल्ला दीडपटही नाही. वाऱ्याचा हिशेब मात्र उलटा: वर वारा जोरात असतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

जागा ठरवताना आधी वर बघा. खांब आणि अँटेना मिळून जेवढी उंची, तिच्या निदान दीडपट अंतरात एकही विजेची तार नको. विजेच्या खांबावरून घरात येणारी तारसुद्धा त्यात धरा. तेवढं अंतर नसेल तर जागा बदला, ‘जपून करू’ म्हणत पुढे जाऊ नका.

आता ब्रॅकेट, म्हणजे खांब भिंतीला धरून ठेवणाऱ्या पकडी. बहुतेक खांब इथेच दगा देतात. समजा वरच्या ब्रॅकेटच्या ३ मीटर वर अँटेना आहे आणि तिच्यावर वाऱ्याचा १० किलोचा रेटा येतोय. दोन ब्रॅकेटांत १ मीटर अंतर असेल तर वरच्या ब्रॅकेटवर ४० किलो ओढ येते, खालच्यावर ३०. तेच अंतर अर्धा मीटर केलं की आकडे होतात ७० आणि ६०. अँटेना तीच, वारा तोच, फक्त ब्रॅकेट जवळ आले. म्हणून भिंत देईल तेवढं अंतर घ्या. भोकं विटेच्या मधोमध पाडा, सांध्यातल्या चुन्या-सिमेंटात नकोत. पोकळ विटांत साधा फास्टनर धरत नाही, तिथे रसायनाने चिकटणारा अँकर लागतो. कठड्याच्या वरच्या थराला तर हातही लावू नका. खालचा ब्रॅकेट आधी बसवा, मग ओळंबा सोडून वरच्याची खूण करा. वरचा ब्रॅकेट दाराच्या कडीसारखा उघडणारा आणि पायाशी बिजागरी असली की खांब आडवा करता येतो.

पाइप जस्ताचा मुलामा असलेला, ५० मिलिमीटर व्यासाचा घ्या. वरच्या तोंडाला टोपी बसवा. उघडं तोंड पाणी पितं आणि वाऱ्यात रात्रभर शीळ घालतं. खालचं तोंड मोकळं ठेवा. आणखी एक: उभ्या काड्यांची यागी (एका दांड्यावर ओळीने काड्या बसवलेली अँटेना) धातूच्या खांबाला मधोमध आवळू नका. खांबच एक जास्तीची काडी होऊन बसतो. आडवा हात काढून ती बाजूला न्या.

सगळी जोडणी खांब आडवा असतानाच करा. अँटेना डोक्याच्या वर जाईल एवढा खांब उचलून कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा) एकदा बघून घ्या. जमिनीजवळ आकडा थोडा बिघडलेला दिसेल, पण तुटलेला सांधा तेव्हाच कळतो.

माझी अँटेना मुकी झाली ती वरच्या कनेक्टरमुळे. उघडला तर आतून पाणी ठिबकलं आणि तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली. आता मी आपोआप एकजीव होणारी रबरी टेप लांबी जवळपास दुप्पट होईपर्यंत ताणतो आणि खालून वर गुंडाळत नेतो, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात. त्यावर काळी पीव्हीसी टेप. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच गळून जाईल. केबल स्वस्तातली बारीक घेऊ नका: आरजी-५८ या बारीक केबलमध्ये १४५ मेगाहर्ट्झला पंधरा-सोळा मीटरमध्येच जवळपास अर्धी शक्ती जिरते.

खांब जाड तांब्याच्या तारेने, कुठेही काटकोनात न वाकवता, जमिनीतल्या सळीला जोडा. ती सळी घराच्या मुख्य अर्थिंगशी जोडलेली हवी, ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. केबल घरात येते तिथे अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारं साधन) बसवा. तरीही थेट पडलेली वीज यातलं काही थोपवत नाही. आभाळ भरून यायला लागलं की केबल काढा. गडगडायला लागल्यावर हात लावू नका.

उभारताना वारा नको. एक जण बुंध्याशी, एक जण दोरीवर. पाइप आडवा असतानाच सगळ्यात जड लागतो, घाई तिथे होते. वरचा ब्रॅकेट बंद झाल्याशिवाय दोरी सोडायची नाही.

आठवड्याभराने सगळे नट पुन्हा आवळा, एखादा तरी फिरतोच. मग प्रत्येक बँडचा (लहरींच्या पट्ट्याचा) एसडब्ल्यूआर कागदावर लिहून रेडिओशेजारी चिकटवा. पावसानंतर आकडा हलला, तर आधी वरचा कनेक्टर उघडायचा.