बायकांच्या ग्रॅव्हल सायकल गटाला नाव देताय? या चुका टाळा

ग्रॅव्हल म्हणजे खडी-मुरमाचा कच्चा रस्ता. सासवडच्या पुढं, अशाच एका रस्त्यावर सायकल चालवताना, शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींनी आम्हाला थांबवलं. "कुठल्या गं पोरींनो तुम्ही?" एकीनं गटाचं तेव्हाचं इंग्रजी नाव सांगितलं. आजींनी दोनदा विचारलं आणि मग नुसती मान हलवली. मला ते फार लागलं. ज्यांच्या बांधाकडेनं आपण जातो, त्यांनाच आपलं नाव कळू नये?

पहिली चूक हीच, उसनं नाव. क्वीन्स, वॉरियर्स नको म्हणून आम्ही मराठीकडे वळलो, तर तिथंही आधी हाताशी आलेलंच उचललं: हिरकणी. बाळासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेली गवळण. घसरड्या उतारावर सायकल धरणाऱ्या बाईला याहून जवळचं कोण? पण एसटीची निमआराम बस हिरकणी, बसस्थानकातला स्तनपानाचा कक्षही हिरकणी. नव्या मुलीनं गट शोधायला घेतला की समोर बसचं वेळापत्रक. नाव कितीही आवडलं तरी आधी शोधून बघा.

दुसरी चूक म्हणजे शब्दाचा एकच अर्थ धरून चालणं. 'पाणंद' हा शब्द मला अजूनही प्रिय आहे. दोन कुंपणांमधली, शेतात नेणारी वाट. आपण सायकल चालवतो ती बहुतेक हीच. पण कोल्हापूरकडची मैत्रीण गप्प झाली. तिच्या गावात बायका पहाटे अंधारात पाणंदीला जायच्या, शौचाला. तिच्या आईच्या पिढीची ती अडचण छातीवर छापून मिरवायची तिची तयारी नव्हती, आणि ते अगदी बरोबर होतं. नाव ठरवण्याआधी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या बायकांना विचारा. एकीचा जरी जीव अडखळला, तरी ते नाव सोडा.

मोठ्या स्पर्धांनाही हे चुकलेलं नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी 2006 पासून भरणाऱ्या, सुमारे 320 किलोमीटरच्या प्रसिद्ध ग्रॅव्हल शर्यतीचं नाव होतं 'डर्टी कान्झा'. कान्झा हे तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं नाव. त्याला 'घाणेरडा' हे विशेषण जोडलं जातंय, यावर आक्षेप आले आणि 2020 मध्ये ती 'अनबाउंड ग्रॅव्हल' झाली. दुसऱ्या समाजाचं नाव आपल्या चिखलासाठी वापरू नये.

आकडा, पेठ आणि नातं नावात नको. 'सप्तचक्र'मध्ये आठवी आली की काय करणार? 'आई' शब्द घातला की आई नसलेली बाहेर राहते.

आम्ही शेवटी 'गाडीवाट' घेतलं. बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट. लांबून हाक मारता येते, खेड्यात सांगावं लागत नाही, आणि जोडाक्षर एकही नाही.

जोडाक्षराचं महत्त्व जर्सी छापताना कळतं. खाली 'मुरमावरच्या मैत्रिणी' अशी ओळ होती. नमुन्यात 'त्र' फुटून पाय मोडका 'त्' आणि 'र' वेगळे झाले, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. छपाईवाल्याच्या संगणकात आपला फॉन्ट नसला किंवा तिथल्या सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता आली नाहीत की असं होऊ शकतं. मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून, पीडीएफ द्या, आणि फोनवरच्या फोटोवर होकार देऊ नका. एक जर्सी छापून घ्या, हातात धरून अक्षर न् अक्षर वाचा, मगच बाकीच्या सांगा.