बायोमेकॅनिक्सचा अभ्यास करताना मसलच्या आधी वजन कुठे पडतंय ते बघा

फिजिओच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या कुणालाही विचारा की खुर्चीवर हळूहळू बसताना गुडघा वाकतो तेव्हा कुठला मसल काम करतो, बरेच जण पटकन हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचे मसल) म्हणून मोकळे होतात, कारण तक्त्यात पाठ केलेलं असतं की नी फ्लेक्शन, म्हणजे गुडघा वाकवणं, हे हॅमस्ट्रिंगचं काम. आता स्वतःच्या मांडीवर हात ठेवा आणि अगदी सावकाश बसा. पुढची बाजू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, टणक लागतात. गुडघा वाकवायचं काम तुमचं वजनच करतंय, क्वाड्स फक्त ते आवरून धरतायत, लांब होत होत जोर लावतायत, म्हणजेच इसेंट्रिक. क्वाड्स नसते तर तुम्ही खुर्चीत धपकन पडला असता.

माझं ठाम मत आहे की बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालीत फोर्स कसे काम करतात हा विषय, अवघड वाटतो तो आपण उलट्या टोकाने शिकतो म्हणून. आपण आधी मसलची ॲक्शन पाठ करतो आणि मग ती हालचालीवर चिकटवतो. त्याऐवजी कुठलीही हालचाल समोर आली की आधी विचारा, बाहेरचा फोर्स या जॉइंटला कुठल्या दिशेने फिरवू बघतोय? मग त्याला अडवायला जॉइंटच्या कुठल्या बाजूचा मसल लागेल? आणि शेवटी, हालचाल त्या फोर्सच्या दिशेने चाललीय का विरुद्ध? दिशेने चालली असेल आणि सावकाश असेल तर इसेंट्रिक, विरुद्ध असेल तर कॉन्सेंट्रिक, काहीच हलत नसेल तर आयसोमेट्रिक. क्रम मात्र बदलायचा नाही, मसलचं नाव दुसऱ्या नंबरलाच येणार.

याची सवय लागायला एल्बो एक्स्टेन्शन, म्हणजे कोपर सरळ करणं, घ्या. उभं राहून हातातलं डंबेल हळू खाली सोडलं तर एल्बो एक्स्टेंड होतो आणि काम बायसेप्स (दंडाच्या पुढचा मसल) करतो. तेच पाठीवर झोपून, दंड उभा धरून, वाकलेल्या हाताने डंबेल छताकडे नेलं तर एल्बो तसाच एक्स्टेंड होतो पण काम ट्रायसेप्सचं (दंडाच्या मागच्या मसलचं). हालचाल एकच, मसल अगदी उलटे, कारण शरीराची पोझिशन बदलली की वजनाचा परिणाम बदलतो. आणि थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) किंवा पुली असेल तर मुख्य फोर्स खाली नसतो, बँड ज्या दिशेला ओढतो त्या दिशेला असतो, हे प्रॅक्टिकलमध्ये हमखास विसरलं जातं.

प्लेन (हालचाल ज्या पातळीत होते ती) आणि ॲक्सिसवर (ज्या रेषेभोवती जॉइंट फिरतो ती) फार वेळ घालवू नका, आरशासमोर उभं राहून दोनदा करून बघितलं की पुरतं. फ्लेक्शन-एक्स्टेन्शन सॅजिटल प्लेनमध्ये आणि ॲक्सिस आडवा, या बाजूकडून त्या बाजूला. ॲबडक्शन-ॲडक्शन (शरीरापासून बाजूला नेणं आणि परत जवळ आणणं) फ्रंटल प्लेनमध्ये आणि ॲक्सिस पुढून मागे. रोटेशन ट्रान्सव्हर्समध्ये, ॲक्सिस उभा. फक्त अंगठा वेगळा लक्षात ठेवा, त्याचं फ्लेक्शन-एक्स्टेन्शन तळव्याला समांतर होतं आणि ॲबडक्शन तळव्यापासून समोर, व्हायवाला विचारायला सगळ्यांना हेच आवडतं.

गणिताची भीती मात्र घालवायलाच पाहिजे, आणि ती दोन गणितं स्वतः कागदावर सोडवली की जाते. पहिलं असं. एल्बो ९० अंशात, हातात ५० न्यूटनचं वजन म्हणजे साधारण ५ किलो, एल्बोपासून ३५ सेंटीमीटरवर. फोरआर्म आणि हाताचं स्वतःचं वजन १५ न्यूटन धरा, ते १५ सेंटीमीटरवर. फोर्स गुणिले मूमेंट आर्म (फोर्सच्या रेषेचं जॉइंटपासूनचं काटकोनी अंतर) केलं की मूमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिळतो: ५० × ०.३५ म्हणजे १७.५, आणि १५ × ०.१५ म्हणजे २.२५, बेरीज १९.७५ न्यूटन-मीटर. आता बायसेप्सचा मूमेंट आर्म ४ सेंटीमीटर धरला तर १९.७५ भागिले ०.०४, जवळजवळ ४९४ न्यूटन! हातात ५ किलो आणि मसल ओढतोय ५० किलोच्या वजनाइतकं. इटलीतल्या बोरेली यांनी सतराव्या शतकातच हे दाखवलं होतं की मसलला बाहेरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, कारण तो जॉइंटच्या अगदी जवळ जोडलेला असतो. ताकदीत तोटा होतो पण बदल्यात हाताला वेग आणि पल्ला मिळतो, थर्ड क्लास लिव्हरचा (ज्या तरफेत जोर टेकू आणि वजन यांच्या मध्ये लागतो तिचा) हाच फायदा.

दुसरं गणित हिपचं, आणि माझ्या मते फिजिओच्या विद्यार्थ्याने आयुष्यात एकच गणित करायचं असेल तर हेच करावं. ६० किलोचा माणूस एका पायावर उभा आहे. त्याचं वजन साधारण ६०० न्यूटन, त्यातून ज्या पायावर उभा आहे तो वजा केला की अंदाजे ५०० उरतं, आणि ते पेल्विसला (कमरेच्या हाडाला) दुसऱ्या बाजूला खाली पाडू बघतं. या ५०० चा मूमेंट आर्म १० सेंटीमीटर आणि हिप ॲबडक्टरचा (पेल्विस तोलून धरणाऱ्या, हिपच्या बाहेरच्या बाजूच्या मसलचा) ५ धरा. म्हणजे ५० न्यूटन-मीटर तोलायला ॲबडक्टरला १००० न्यूटन ओढावं लागतं, आणि हिप जॉइंटवर दोन्ही मिळून १५००, म्हणजे वजनाच्या अडीच पट. आता ज्या पायावर उभा आहे त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात काठी द्या आणि तिच्यावर फक्त ६० न्यूटन दाबायला सांगा. काठी हिपपासून लांब आहे, ५० सेंटीमीटर धरू, तर ती एकटीच ३० न्यूटन-मीटर उचलते. ॲबडक्टरला उरले २०, म्हणजे ४०० न्यूटन, आणि जॉइंटवर ४०० अधिक ५०० वजा ६०, असे ८४०. सहा किलोच्या दाबाने जॉइंटवरचा भार जवळजवळ निम्मा! आकडे सोपे करून घेतलेत, खऱ्या माणसात अँगल वगैरे येतात, पण काठी दुखऱ्या हिपच्या विरुद्ध हातात का द्यायची हे यापुढे पाठ करावं लागणार नाही. जड पिशवी मात्र दुखऱ्या बाजूच्याच हातात का धरायची, ते आता कागदावर बाण काढून स्वतः शोधा, मूमेंट कुठल्या बाजूला जातो बघा.

जॉइंटच्या आतल्या हालचालीसाठी एका हाताची मूठ आणि दुसऱ्याचा खोलगट तळवा घ्या. गोल पृष्ठभाग फिरत असेल तर रोल (घरंगळणं) एका बाजूला आणि ग्लाइड (सरकणं) उलट्या बाजूला, खोलगट पृष्ठभाग फिरत असेल तर दोन्ही एकाच बाजूला. म्हणून शोल्डर ॲबडक्शनमध्ये ह्युमरसचं हेड (दंडाच्या हाडाचं गोल टोक) वर रोल होतं आणि खाली ग्लाइड, नाहीतर ते वर ॲक्रोमिअनवर (खांद्याच्या माथ्यावरच्या हाडावर) जाऊन आपटलं असतं. हा नियम विचार करायला छान आहे पण त्याला धर्मग्रंथ करू नका, खऱ्या खांद्यात हेड बऱ्यापैकी मधोमधच राहतं, थोडे मिलीमीटर इकडे तिकडे.

तीच गोष्ट हात वर नेताना खांद्यातल्या २:१ या प्रमाणाची. इनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये स्कॅप्युलोह्युमरल ऱ्हिदम मांडला, १८० अंशांपैकी साधारण १२० ग्लेनोह्युमरल (खांद्याच्या मुख्य जॉइंटचे) आणि ६० स्कॅप्युलाचे (खांद्याच्या फऱ्याचे). पण सुरुवातीच्या ३० अंशांत स्कॅप्युला फार कमी हलते आणि रेशो माणसागणिक बदलतो. पार्टनरच्या स्कॅप्युलाच्या खालच्या टोकावर बोट ठेवा, हात वर न्यायला सांगा, ते टोक बाहेर कुठवर सरकतं ते बोटाला कळलं पाहिजे. मग दुसऱ्या बाजूला तसंच. दहा जणांचे खांदे असे हाताखालून गेले की फ्रोझन शोल्डरचा पेशंट हात उचलताना अख्खा खांदाच का वर करतो ते लगेच दिसतं.

गुडघ्याच्या लॉकिंगचं पण असंच, बसून पाय सरळ करा आणि टिबिअल ट्युबरॉसिटीवर (टिबिआ म्हणजे नडगीच्या हाडावर गुडघ्याखाली असलेल्या उंचवट्यावर) बोट ठेवून शेवटच्या थोड्या अंशांत ती बाहेर वळते ते बघा. उभं राहिल्यावर टिबिआ जमिनीला जखडलेली असते म्हणून तेव्हा फीमर (मांडीचं हाड) आत वळतं. अनलॉक करतो पॉप्लिटिअस (गुडघ्यामागचा छोटा मसल). ओपन चेन (पाऊल मोकळं) आणि क्लोज्ड चेनचा (पाऊल जमिनीला टेकलेलं) फरक इथे एवढा स्वच्छ कळतो की वेगळी व्याख्या लागत नाही. ॲक्टिव्ह इनसफिशिअन्सीसाठी (आधीच आखूड झालेल्या मसलला पुरेसा जोर लावता न येणं) मनगट पूर्ण वाकवा आणि घट्ट मूठ आवळायचा प्रयत्न करा, जमणार नाही, बोटांचे फ्लेक्सर आधीच आखूड झालेत आणि एक्स्टेन्सर ताणले गेलेत.

गेट, म्हणजे चालण्याची पद्धत, सगळ्यात शेवटी घ्या, कारण वरचं सगळं तिथे एकत्र येतं. ६० टक्के स्टान्स (पाय जमिनीवर), ४० टक्के स्विंग (पाय हवेत), आठ फेज, हे पाठ करावंच लागेल, सुटका नाही. पण मसल पाठ करू नका. मोबाइल हिपच्या उंचीवर, चालणाऱ्याच्या काटकोनात ठेवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, पेशंट असेल तर आधी परवानगी विचारून, आणि एका वेळी एकच जॉइंट बघा, आधी फक्त अँकल, मग परत सुरुवातीपासून फक्त नी, मग हिप. फ्रेम थांबवून काडीचा माणूस काढा आणि जमिनीकडून वर येणारा बाण काढा, म्हणजे ग्राउंड रिॲक्शन फोर्स. टाच टेकली की बाण अँकलच्या मागून जातो, पाऊल खाली आपटू बघतं, म्हणून टिबिआलिस अँटीरिअर (नडगीच्या पुढचा मसल) इसेंट्रिक. लोडिंग रिस्पॉन्समध्ये (पायावर वजन येताना) बाण गुडघ्याच्या मागून जातो म्हणून क्वाड्स इसेंट्रिक, गुडघा १५ ते २० अंश वाकतो. टर्मिनल स्टान्सला (टाच उचलल्यानंतर) बाण गुडघ्याच्या पुढे गेलेला असतो, क्वाड्सना आराम आणि काम सगळं काफवर (पोटरीवर).

एवढं हातात बसलं की पेशंटचं चालणं वाचता यायला लागतं. क्वाड्स कमजोर असलेला माणूस टाच टेकल्यावर धड पुढे झुकवतो किंवा हाताने मांडी मागे दाबतो, बघणाऱ्याला वाटतं पोश्चर खराब आहे. बाण काढून बघा, पुढे झुकल्यामुळे तो गुडघ्याच्या पुढून जायला लागला आणि क्वाड्सची गरजच संपली. अशा पेशंटला आल्या आल्या "सरळ चाला" असं सांगायचं नाही, सांगितलं आणि त्याने ऐकलं तर गुडघा जागेवर दुमडेल, आधी क्वाड्सची ताकद तपासायची, ती वाढेपर्यंत काठी किंवा ब्रेसचा विचार करायचा आणि धड सरळ करायचं नंतर.