वस्तीची पाहणी करताय? मग या चुका टाळा

मंगळवारच्या जनसुनवाईला इंदूरमध्ये लोक रस्ता, ड्रेनेज, नळ अशा तक्रारी घेऊन रांगेत उभे असतात. हातात अर्ज आणि खाली पन्नास सह्या. त्या सह्यांवरून समोरच्या अधिकाऱ्याला एवढंच कळतं की लोक नाराज आहेत. कुठल्या गल्लीत, किती वाजता, किती दिवस काय बिघडलंय हे कळत नाही. ते सांगायचं तर नीट पाहणी हवी, आणि ती अशी हवी की कुठल्याच पक्षाला ‘ही त्यांची माणसं’ म्हणून बाजूला सारता येऊ नये. आम्ही काही जण राजेंद्र नगरच्या बाजूला नळाच्या पाण्यावर हे काम करतो. त्यात आमचं जे चुकलं ते आधी सांगते.

उत्तर आधी ठरवून प्रश्न विचारणं

आमच्या पहिल्या फॉर्मवरचा पहिला प्रश्न होता, ‘तुम्ही गढूळ पाण्याने त्रस्त आहात का?’ याला ‘नाही’ कोण म्हणेल? सगळीकडून ‘हो’ आलं आणि हाती काहीच लागलं नाही. आता आम्ही विचारतो: काल नळ किती वाजता आला? किती वाजता गेला? पहिल्या बादलीचा रंग कसा होता? उत्तर देणाऱ्याला आठवून सांगता येईल आणि दुसऱ्याला तपासून बघता येईल, असाच प्रश्न ठेवा.

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांनी 1918 मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. शहर आधी पायी फिरून बघायचं, रोग ओळखायचा आणि मगच इलाज सांगायचा, ही त्यांची रीत होती. ती आजही तितकीच लागू आहे. आम्ही आता घराबाहेर पडण्याआधी एका कागदावर लिहून ठेवतो की काय आढळलं तर आपलं म्हणणं चूक ठरेल. या एका सवयीने आमचं काम बदललं.

घरी सापडेल त्यालाच विचारणं

सकाळी अकरा ते एकमध्ये फॉर्म भरले की सेवानिवृत्त मंडळी भेटतात. त्यांच्या घरी बहुधा हौद असतो, वर टाकी असते, बोरिंगही असतं. भाड्याच्या खोलीतली मुलं, कामावर गेलेल्या बायका, मागच्या गल्लीतली कुटुंबं यांचं पाणी कागदावर येतच नाही. वस्तीतल्या सगळ्या घरांची यादी करून तिच्यातून दर पाचवं घर घ्या. कुलूप असेल तर संध्याकाळी पुन्हा जा, रविवारी जा. शेजारच्या उघड्या दारात शिरू नका.

महापालिकेचं 311 ॲप किंवा राज्य सरकारची 181 हेल्पलाइन यांवरच्या तक्रारींचे आकडेही याच कारणाने फसवतात. जिथे तक्रारी जास्त तिथे त्रास जास्त, असं समजू नका. तक्रार कशी करायची हे ठाऊक असलेली माणसं तिथे जास्त राहत असतील.

नमुना भलत्याच जागेवरून घेणं

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त मेहनत इथेच वाया जाते. आम्ही पहिल्या खेपेला स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बाटलीत भरलं. क्लोरिन बघायचं रसायन थेंबभर टाकलं. पाणी पिवळं होईना. म्हणजे क्लोरिनच नाही! आम्ही तावातावाने महापालिकेच्या झोनच्या कार्यालयात गेलो. तिथल्या इंजिनिअरने शांतपणे विचारलं, ‘हे गच्चीवरच्या टाकीचं आहे की थेट लाइनचं?’ टाकीचंच होतं. साठवलेल्या पाण्यातलं क्लोरिन हळूहळू उडून जातं, त्यामुळे त्या बाटलीवरून लाइनबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं.

आता नमुना थेट लाइनवरच्या नळाचाच घेतो, आणि दोनदा घेतो. एक नळ आल्या आल्या, दुसरा दहा मिनिटांनी. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद असताना पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाऊ शकते. पहिला नमुना वाईट आणि दुसरा बरा आला, तर जवळच कुठेतरी गळती असण्याची शंका येते. दोन्ही वाईट असतील तर शोध लाइनला पाणी सोडणाऱ्या मोठ्या टाकीकडे न्यावा लागतो. भारतीय मानकाप्रमाणे पाण्यात मोकळं क्लोरिन लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवं, आणि 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू अजिबात सापडता कामा नये. जंतूंच्या तपासणीला घरची धुतलेली बाटली चालत नाही. प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली आणा, नमुना बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर तारीख आणि वेळ लिहा, मिनिटासकट.

सरासरी, आणि आधी-नंतरची तुलना

दहा घरांना साठ मिनिटं पाणी आणि दहा घरांना वीस, म्हणजे सरासरी चाळीस. पण चाळीस मिनिटं तर एकाही घराला मिळत नाहीत. लाइनच्या टोकाची घरं वेगळी मांडा, तुमचं सगळं म्हणणं तिथेच असतं.

दुसरं, जुलैमध्ये उलट्या-जुलाब मोजले, ऑगस्टमध्ये पाइप बदलला आणि डिसेंबरमध्ये पुन्हा मोजले, तर रोग कमी दिसणारच. पावसाळा गेलेला असतो. त्यासाठी पाइप न बदललेली शेजारची गल्लीही त्याच दिवसांत मोजावी लागते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत हेच केलं. 39 गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेतली आणि 47 गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवून दोन्हीकडचे बालमृत्यू मोजले. काळजी घेतलेल्या गावांत नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि पुढे आशाताईंची नवजात बाळाच्या घरी जाण्याची पद्धत देशभर सरकारी धोरणात आली. तुलनेची ती 47 गावं मोजली नसती, तर मृत्यू आपोआपच कमी झाले असते असं कुणीही म्हणू शकलं असतं.

जनगणनेचे वॉर्डवार आकडेही जपून वापरा. 2011 मध्ये इंदूरचे 69 वॉर्ड होते, आता 85 आहेत. तोच नंबर म्हणजे तोच भाग, असं धरू नका.

एकाच पुढाऱ्याच्या हाती कागद देणं

अहवाल एका पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, देऊन फोटो काढला की दुसऱ्या पक्षासाठी तो तिथेच संपतो. आम्ही एकाच दिवशी तेच एक पान पार्षदांना, त्यांच्या विरोधात हरलेल्या उमेदवाराला आणि झोनच्या अधिकाऱ्यांना देतो. निवडणुकीच्या तोंडावर देत नाही. खर्च वर्गणीतून होतो आणि हिशेब त्याच पानाच्या मागे असतो. निष्पक्ष राहायचं म्हणजे मुळमुळीत लिहायचं, असा मात्र अर्थ काढू नका. पाणी खराब असेल तर खराबच लिहा. आणि मागणी नेमकी करा. ‘पाणी सुधारा’ असं न लिहिता ‘या कोपऱ्यावरचा जोड उकरून बघा’ असं लिहा. महापालिकेच्या पाणी तपासणीची नोंदवही हवी असेल तर माहिती अधिकारात दहा रुपये भरून मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

शेवटची चूक म्हणजे ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती परत न दाखवणं. नावं आणि घर नंबर काढून तेच पान किराणा दुकानाबाहेर लावा. आम्ही लावलं तेव्हा टोकाच्या घरातल्या काकू चष्मा लावून वाचत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आमच्या ओळीत साडेपाच लिहिलंय. नळ पावणेसहाला येतो.’ दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे त्यांच्या ओट्यावर बसलो. नळ पावणेसहाला आला. दुरुस्त केलेलं पान मग तिन्ही ठिकाणी पुन्हा नेऊन दिलं.