कृष्णधवल प्रिंट: तटस्थ छटा की किंचित रंगाची, हे कसे ठरवावे

काळी शाई काळीच असते हा समज कार्बनच्या शाईने काढलेल्या पहिल्याच प्रिंटला मोडतो. कार्बनची शाई जसजशी पातळ होते, तसतसा तिच्यातला तपकिरीपणा उघडा पडतो, आणि कापसाच्या मॅट कागदावर तर मधल्या करड्या छटा चांगल्याच उबदार दिसतात. त्या तटस्थ, म्हणजे कुठल्याही रंगाची झाक नसलेल्या, करायच्या तर थोडी सायन (हिरवट निळी) आणि मॅजेंटा (जांभळट गुलाबी) शाई मिसळावी लागते. थोडक्यात, तटस्थ ही सुद्धा मुद्दाम साधलेलीच छटा आहे.

म्हणून सुरुवात शाईपासून न करता कागदापासून करावी, कारण प्रिंटमधला सर्वांत उजळ भाग हा कागदाचाच रंग असतो. ऑप्टिकल ब्राइटनर, म्हणजे कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून वापरलेले द्रव्य, घातलेला कागद अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत देतो. त्यामुळे त्यावर उबदार शाई वापरली की उजळ भाग निळे आणि सावल्या तपकिरी अशी फारकत डोळ्याला खुपते. याउलट साईच्या रंगाच्या कागदावर रंग मोजणाऱ्या यंत्राच्या मते अगदी तटस्थ असलेली करडी छटाही निळसर वाटते.

कागद ठरल्यावर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत पाच-पाच टक्क्यांनी गडद होत जाणारी २१ घरांची करडी पट्टी दोनदा छापावी, एकदा तटस्थ आणि एकदा किंचित उबदार. एप्सनच्या अनेक फोटो प्रिंटरांतील ‘ॲडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ पद्धतीत हे पर्याय तयार मिळतात. पट्टीच्या मागे पेन्सिलीने कागद आणि सेटिंग लिहून ती रात्रभर वाळू द्यावी.

तपासताना एक सापळा टाळावा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या की उबदार पट्टीमुळे तटस्थ पट्टी आजारी निळी दिसते आणि निवड आपोआप उबदार बाजूला झुकते. त्याऐवजी एक पट्टी दुसऱ्या खोलीत ठेवावी, उरलेली काही मिनिटे एकटीच पाहावी आणि मग अदलाबदल करावी. जी पाहताना रंगाचा विचारच मनात येत नाही, ती योग्य. माझ्या मते ती बहुधा किंचित उबदारच निघते, पण बर्फाच्या किंवा धुक्याच्या छायाचित्राला हा नियम लावू नये. हीच तपासणी खिडकीच्या उजेडात आणि संध्याकाळी दिव्याखाली पुन्हा करावी. करड्या छटेत रंगीत शाईचा वाटा जितका जास्त, तितकी ती उजेड बदलला की हिरवट किंवा गुलाबी होण्याची शक्यता वाढते.

प्रिंट वर्षानुवर्षे भिंतीवर राहणार असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. कार्बन अत्यंत टिकाऊ असतो, पण त्याला तटस्थ करणारी रंगीत द्रव्ये त्याच्या आधी फिकी पडतात आणि छटा हळूहळू सरकते. अशा कामासाठी कार्बनचा वाटा जास्त असलेली उबदार छटा घ्यावी, आणि कागदही ब्राइटनर नसलेलाच निवडावा.