बिअरची बाटली पाण्यात उपडी करू नका, उन्हातही ठेवू नका

प्रत्येक बैठकीत एक जण असतोच. बाटली उघडतो, तोंडावर अंगठा धरतो, पाण्याने भरलेल्या ग्लासात ती उलटी बुडवतो आणि अंगठा काढतो. पिवळसर धार खाली उतरताना दिसते आणि बाकीचे माना डोलावतात, "बघ, ग्लिसरीन निघालं!" बिअरमध्ये ग्लिसरीन मिसळलेलं असतं आणि असं केलं की ते निघून जातं, हा समज. वीस वर्षं हे बघतोय आणि दर वेळी जीव तुटतो.

ती धार ग्लिसरीनची नाही, बिअरचीच आहे. आंबवण झाल्यावरही बिअरमध्ये माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, थोडी साखर आणि इतर घटक उरतात. त्यामुळे आत हलकं अल्कोहोल असूनही ती पाण्यापेक्षा किंचित जड भरते. जड बिअर खाली उतरते आणि तिच्या जागी ग्लासातलं पाणी बाटलीत चढतं. म्हणजे पैसे मोजून आणलेल्या बिअरमध्ये आपण स्वतःच्या हाताने पाणी घालतो. ग्लिसरीन तर पाण्यात पूर्ण मिसळतं, ते असं वेगळं होऊन बाहेर येऊच शकत नाही. थोडं ग्लिसरीन आंबवताना यीस्ट स्वतःच तयार करतं, वाईनमध्येही ते असतं. विश्वास बसत नसेल तर छोट्या बाटलीत कोकमाचं गोड सरबत भरा आणि हाच प्रकार करून बघा. तशीच धार उतरेल. हे करून दाखवल्यावर माझ्या दोन मित्रांनी तो विधी कायमचा सोडला.

दुसरी चूक उन्हाची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पानशेतजवळच्या एका फार्महाऊसवर आतेभावाची पन्नाशी होती. हिरव्या काचेच्या पाइंटचा बॉक्स आणला होता. उत्साही मंडळींनी सकाळी अकरालाच बहुतेक बाटल्या टबात बर्फ घालून गच्चीवर मांडल्या, भर उन्हात. एक वाजता पहिला घोट घेतला आणि सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. जळक्या रबराचा, उग्र लसणीसारखा वास. "माल बनावट आहे," असा निकाल लागला आणि आतेभावाने बिअर शॉपीवाल्याला फोन करून वाट्टेल ते ऐकवलं.

बॉक्समध्ये सहा बाटल्या अजून आतल्या खोलीत होत्या. त्यातली एक मी फ्रिजमध्ये गार केली. मग एका ग्लासात ती आणि दुसऱ्यात टबातली ओतून, काही न सांगता दोन्ही त्याच्यापुढे ठेवल्या. बॉक्स एकच, तारीखही एकच. टबातल्या बिअरचा ग्लास त्याने नाकापाशी नेऊन लगेच खाली ठेवला. संध्याकाळी त्याने शॉपीवाल्याला पुन्हा फोन केला, या वेळी माफी मागायला.

झालं होतं ते असं. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्सचे, म्हणजे एका वेलीच्या फुलांचे, घटक प्रकाशात तुटतात. बिअरमधलं रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, त्याला हातभार लावतं आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. अमेरिकेत स्कंक नावाचा दुर्गंधी फवारणारा प्राणी आहे, त्यावरून तिकडे अशा बिअरला 'स्कंकी' म्हणतात. बर्फाने हे थांबत नाही, कारण प्रकाश पाण्यातून आरपार जातो. तपकिरी काच घातक किरण बऱ्यापैकी अडवते, हिरवी फार कमी, पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनमध्ये हा प्रश्नच नाही, म्हणून मी सहलीला कॅनच नेतो. शॉपीत ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली मी घेत नाही. "बॉक्समधली द्या," म्हणतो. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

उष्णतेचं नुकसान वेगळं. दुपारभर डिकीत तापलेली बिअर लवकर शिळी होते आणि भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागते. मात्र गार केलेली बाटली पुन्हा खोलीच्या तापमानाला आली म्हणून लगेच फेकू नका. खरं नुकसान तापण्याने होतं. आणि विकत घेताना बनवल्याची तारीख वाचा. दूध घेताना वाचता ना?

बाटल्या उभ्या ठेवा, आडव्या नकोत.

फ्रीझरमध्ये टाकून विसरणाऱ्या घाईखोरांना काय सांगावं! पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-तीन अंशांना गोठू लागते, घरचा फ्रीझर उणे अठराच्या आसपास असतो. बाटली फुटते आणि काचा मटारच्या पिशव्यांत सापडतात. बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसता बर्फ नको, पाण्यामुळे गारवा बाटलीला सगळीकडून लागतो.

ग्लासबद्दल मी हट्टी आहे. दुधाचा, ताकाचा ग्लास बिअरला चालत नाही, कारण स्निग्धपणाचा अंश राहिला की फेस बसतो. मी ग्लास वेगळ्या घासणीने धुतो आणि न पुसता उपडे ठेवून वाळवतो. शंका आली तर ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवतो. सगळीकडे सारखं चिकटलं तर ग्लास स्वच्छ, मध्ये मोकळे पट्टे राहिले तर पुन्हा धुवायचा.

आणि फेसाला घाबरू नका. ग्लास तिरका धरून, कडेने थेंब थेंब सोडत फेस टाळला की वायू बिअरमध्येच राहतो आणि पोट फुगतं. अर्ध्यापर्यंत तिरका, मग सरळ करून मधोमध ओता. दोन बोटं फेस हवाच, वास तिथूनच येतो.

पुण्यात ब्रू-पबमधून, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमधून, ग्रोलर (ताजी बिअर न्यायची मोठी बाटली) भरून आणणारे वाढलेत, चांगली गोष्ट आहे. पण ती बिअर बहुधा पाश्चराइझ केलेली नसते आणि भरताना आत हवा शिरते. थेट फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत उघडा आणि उघडली की त्याच दिवशी संपवा. एकट्याला संपणार नसेल तर शेजाऱ्याला बोलवा.