भीमा वर्गाची हेलिकॉप्टर क्रूझर पुठ्ठ्यातून कशी उभी करावी

काल्पनिक आरमाराचं जहाज काढायला बसलं की हात आधी तोफांकडे जातो. तो आवरा. पाणबुडीविरोधी क्रूझरचं माप हेलिकॉप्टरं ठरवतात. एक हवेत, दुसरं त्याच्या जागी निघायच्या तयारीत, तिसऱ्यात इंधन भरणं चालू, चौथं दुरुस्तीला उघडलेलं, असं धरून चला. सोव्हिएत नौदलाच्या १९६७च्या ‘मोस्क्वा’ क्रूझरवर १४ कामोव्ह-२५ हेलिकॉप्टरं मावायची. माझ्या आरमारात भीमा, सीना, नीरा अशा तिघी बहिणी. प्रत्येकीवर मी १२ धरली.

माप १:५०० घ्या. १९० मीटरचं जहाज ३८ सेंटिमीटरमध्ये बसतं. पुठ्ठा विकत आणू नका. मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं, पंच करतो. नक्षी बदलली की जुनी कार्डं रद्दीत जातात. तो पुठ्ठा फार चिवट. भोकांची कार्डं आतल्या फासळ्यांना वापरा, बाहेरून कोरी पट्टी लावा. खळ नको, फेविकॉल पातळ पसरा आणि रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा.

मागचं जवळपास अर्धं जहाज डेकसाठी मोकळं सोडा. रडार, धुराडं, क्षेपणास्त्रं सगळी पुढे. घात इथेच होतो. पहिल्या भीमेच्या पुढच्या भागावर मी भरीव लाकडी ठोकळे चिकटवले होते. घमेल्यात सोडली तर नाकच पाण्यात गेलं. खवळलेल्या समुद्रात मोस्क्वाचंही नाक असंच खाली जायचं. म्हणून पुढचे भाग पोकळ करा आणि तळाशी, मध्याच्या जरा मागे, लोखंडी वॉशर चिकटवा.

सगळ्यात जीव ओतायची जागा म्हणजे मागचं टोक. तिथे खाच हवी. केबलला बांधलेला सोनार, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र, तिथून खोल सोडतात. समुद्राचं वरचं पाणी गरम, खालचं गार. दोहोंमधल्या थरात आवाज वाकतो आणि खाली दडलेली पाणबुडी जहाजाच्या तळातल्या सोनारला सहसा सापडत नाही. सोनार थराखाली उतरवला की तिचा माग लागतो. हेलिकॉप्टरही हेच करतं: हवेत एका जागी थांबून सोनार पाण्यात सोडतं, ऐकतं, ओढून घेतं, पुढे जातं.

९ डिसेंबर १९७१ला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ती खाच मी कधी नुसती रंगवून सोडत नाही. ब्लेडने कापतो, आत दोऱ्याचा रूळ बसवतो, आणि तो फिरलाच पाहिजे.

कामोव्हला शेपटीचा पंखा नसतो. एकावर एक असे तीन-तीन पात्यांचे दोन पंखे उलटसुलट फिरतात. टाचणीत दोन्ही ओवा, मध्ये रिफिलचा तुकडा घाला. पंख्याचा व्यास ३ सेंटिमीटरच्या जरा वर येतो. निम्म्यांची पाती मागे दुमडा. ती लिफ्टने खालच्या हँगरात जाणारी.

वॉर्निशचे दोन हात द्या, पण एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात गच्चीवर ठेवू नका, डेक कमानीसारखा वर येतो. आतल्या खोलीत, पंख्याखाली, दोन दिवस वाळू द्या.