क्रूझवर रविवारची मिस्सा : या चुका टाळा

क्रूझ बुक करताना आपली माणसं काय काय बघतात! बाल्कनी कुठल्या बाजूला येते, बुफेत मासळी असते का, ड्रिंक्सचं पॅकेज घेतलं तर वसूल होईल का. रविवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमध्ये फादर करतात त्या मुख्य उपासनेला, हजर राहणं आम्हा कॅथलिकांना बंधनकारक. पण फक्त तो रविवार कुठे उजाडतो तेवढं बघायचं राहून जातं. मग शनिवारी रात्री, जहाज भर समुद्रात असताना, नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडतो : "उद्या मिस्सा कुठे मिळेल?" मिळेल की. शंभर मैलांवर. पोहत जा.

मी वसईचा. आमच्याकडे एका चर्चची घंटा थांबते तोवर दुसऱ्याची सुरू होते. सकाळची मिस्सा हुकली तर संध्याकाळची आहेच. या सवयीत वाढलेला माणूस जहाजावर चढला की तिथेही कुणीतरी आपल्यासाठी घंटा वाजवेल असं धरून चालतो. घरच्या आणि शेजारपाजारच्या मंडळींना घेऊन मी बऱ्याचदा जातो. दर वेळी माणसं नवी असतात, चुका मात्र त्याच.

"एवढं मोठं जहाज, फादर असतीलच"

नसतात. काही कंपन्या लांबच्या सफरींवर किंवा नाताळ-ईस्टरला फादरांना सोबत नेतात. सिंगापूरहून पेनांग-फुकेतला जाऊन येणाऱ्या चार-पाच रात्रींच्या फेरीवर सहसा कुणी नसतं. एजंटला विचाराल तर तो "हो हो, सगळं असतं" म्हणणार. त्याला तिकीट विकायचंय, तुमच्या आत्म्याची काळजी नाही. कंपनीला थेट ईमेल करा, आणि "सर्व्हिस असते का" असं मुळीच विचारू नका, त्याचं उत्तर कायम "हो" असतं. "अमुक तारखेच्या सफरीवर कॅथलिक धर्मगुरू आहेत का?" असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

ही सर्व्हिस म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाचा कागद येतो, हल्ली ॲपवरही दिसतो. रविवारच्या पानावर योगा आणि बिंगोच्या मधे कुठेतरी "इंटरडिनॉमिनेशनल वर्शिप सर्व्हिस" अशी ओळ असते. म्हणजे सर्व पंथांची मिळून प्रार्थना. ती कधी जहाजावरचा अधिकारी घेतो, कधी एखादे निवृत्त पाळक, कधी प्रवाशांपैकीच कुणीतरी पुढे होतं. दोन गाणी, एक वाचन, चार शब्द. चांगली गोष्ट आहे, जरूर जा. पण ती मिस्सा नव्हे.

एकदा आमच्याच ग्रुपमधल्या एक मावशी तिथे गेल्या. शेवटी छोट्या प्याल्यांतून द्राक्षाचा रस आणि पावाचे तुकडे फिरवले गेले, मावशींनी भक्तिभावाने घेतले आणि परत येऊन म्हणाल्या, "छान झाली हो मिस्सा, पटकन आटोपली." पटकन आटोपली तिथेच ओळखायला हवं होतं! त्यांना समजावताना माझं जेवण गार झालं. फादर नसले तर मिस्सा नाही आणि पवित्रीकरण, म्हणजे पाव-द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर-रक्त होणं, तेही नाही. तिथे वाटलेला पाव म्हणजे ख्रिस्तप्रसाद नव्हे आणि कॅथलिकाने तो घ्यायचा नसतो. कागदावर स्पष्ट "कॅथलिक मास" लिहिलेलं असेल तरच मिस्सा समजा. "कॅथलिक सर्व्हिस" लिहिलं असेल तर रिसेप्शनला विचारा, कोण घेणार आहे. बऱ्याचदा एखादा प्रापंचिक माणूस, म्हणजे धर्मगुरू नसलेला, फक्त बायबलमधली वाचनं घेतो.

गळ्यात पांढरी कॉलर दिसली म्हणूनही हुरळू नका. खऱ्या धर्मगुरूकडे बिशपांचं किंवा आपल्या धर्मसंघाच्या वरिष्ठांचं ओळखपत्र असतं आणि ते दाखवायला त्यांना लाज वाटत नाही. अमेरिकेत खलाशांसाठी काम करणारी चर्चची संस्था क्रूझसाठी फादर पाठवताना आधी हे सगळं तपासून घेते. खलाशांसाठीची ही चळवळ मुळात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला १९२० साली सुरू झाली, आता जगभर स्टेला मारिस नावाने चालते. बंदरावर तिचं केंद्र असेल तर मिस्सेची चौकशी तिथे करणं सगळ्यात सोपं.

"रोमला चाललोय, मिस्सेला काय तोटा!"

भूमध्य समुद्रातल्या सफरीत जहाज इटलीतल्या चिवितावेक्किया बंदराला लागलं आणि तो रविवार असला की आमच्या लोकांच्या अंगात येतं. जहाज रोमला लागतं असं ब्रोशरमध्ये छापतात, पण रोम तिथून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. आधी शटल बस बंदराच्या फाटकापर्यंत, मग स्टेशन, मग पाऊण-एक तास ट्रेन, मग पोपसाहेबांच्या सेंट पीटर्स बॅसिलिकेच्या चौकातली तपासणीची रांग. रांग म्हणजे अख्खा चौक वळसा घालून येणारी.

आमच्या वसईकडच्या नंदाखालचं एक कुटुंब आमच्यासोबत होतं. आजी, मुलगा-सून, दोन नातवंडं. मुलाला मी आदल्या रात्री सांगितलं की उद्या आम्ही इथेच गावातल्या चर्चमध्ये जाणार आहोत, तुम्हीही चला, दुपारी हवं तर रोमला जा. तो म्हणाला, "काका, पोपसाहेब असताना गावातल्या चर्चमध्ये कशाला?" आता यावर काय बोलणार. सकाळी नाश्ता टाकून पाचही जण पळाले. चौकात पोहोचले तेव्हा साडेअकरा होत आले होते आणि बॅसिलिकाची रांग हलत नव्हती. बारा वाजता वरच्या खिडकीत पोपसाहेब आले, देवदूताची प्रार्थना म्हटली, आशीर्वाद दिला, जगभरच्या यात्रेकरूंना नमस्कार केला. पाच मिनिटं उन्हात रडून आजीचे डोळे लाल झाले. मुलाने फोन वर धरून सगळं रेकॉर्ड केलं आणि जाहीर केलं, "चला, मिस्सा झाली."

झाली नव्हती. रविवारी बारा वाजता खिडकीतून होते ती देवदूताची प्रार्थना, ईस्टरनंतरच्या पुनरुत्थानकाळात तिच्या जागी 'स्वर्गाच्या राणी' म्हणतात. फार सुंदर क्षण असतो, नाकारत नाही. पण त्यात पाव-द्राक्षारसाचं अर्पण नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. आजींना ते माहीत होतं, त्या गप्प राहिल्या. परत रांगेत उभं राहायला वेळ नव्हता, ट्रेन गाठायची होती. स्टेशनवर धाकट्याची चप्पल तुटली. जहाजावर शेवटून दुसरे चढले.

आम्ही त्या सकाळी काय केलं? चिवितावेक्कियात जपानी हुतात्म्यांच्या नावाचं चर्च आहे. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांचं. त्या सव्वीसांत एक आपले वसईचे, संत गोन्सालो गार्सिया. १८६२ साली संतपदाला चढलेले, भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांच्या नावाच्या कॉलेजातून आमची अर्धी वसई पदवी घेऊन बाहेर पडली, आणि त्यांचं चर्च बंदराच्याच गावात असताना ही मंडळी त्यावरून पुढे ट्रेनने निघून गेली! आत भिंतींवर लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने रंगवलेली चित्रं आहेत. मरियामाता चक्क किमोनो नेसलेली. मिस्सा इटालियनमध्ये, पण कुठे उठायचं, कुठे बसायचं, कुठे शांतिअभिवादन द्यायचं ते वसईच्या माणसाला सांगावं लागत नाही. शेजारच्या इटालियन बाईने माझ्या बायकोचा हात दोन्ही हातांत धरून अभिवादन केलं. बाहेर पडून आइस्क्रीम खाल्लं तरी दुपार अख्खी बाकी होती.

माझी सवय एवढीच : रविवार असेल तर आधी बंदराच्या गावातलं चर्च, मग प्रसिद्ध ठिकाण. पेनांगला जॉर्जटाउनमध्ये असम्प्शन चर्च जहाजाच्या धक्क्यापासून पायी जाण्याजोगं आहे. घाई असलेल्या माणसाला ते दिसत नाही, कारण ते इन्स्टाग्रामवर नसतं.

घड्याळ

फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. जहाज बऱ्याचदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं आणि तुमचा फोन आपणहून थाई वेळ दाखवायला लागतो. जहाजावर सूचना लागते "पाचपर्यंत परत या", तुमच्या फोनवर वाजलेले असतात चार, तुम्ही निवांत. तुमचे चार म्हणजे त्यांचे पाच, जिना उचलायची वेळ. त्यातून मोठं जहाज पाटोंगच्या खाडीत नांगर टाकून उभं असेल तर किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या बोटींची रांग वेगळी, आणि चर्च फुकेत टाउनमध्ये, डोंगर ओलांडून पलीकडे. मी जहाजाची वेळ दाखवणारं साधं काट्यांचं घड्याळ हाताला बांधतो आणि त्याला कुणाला हात लावू देत नाही. चर्चची वेळ स्थानिक, परतीची वेळ जहाजाची. हे दोन आकडे कागदावर लिहून खिशात ठेवायला काय जातं?

लहानसहान, पण दर वेळी

इटलीत चर्चच्या दारावर मिस्सेच्या वेळांची पाटी असते. "फेस्तिवी" म्हणजे रविवार आणि सण, "फेरिआली" म्हणजे आठवड्याचे इतर दिवस, "प्रेफेस्तिवा" म्हणजे आदल्या संध्याकाळची. फेरिआलीचा अर्थ सुट्टी असा लावून लोक हमखास चुकीच्या वेळी येतात.

बुफेवरून उठून थेट मिस्सेला जाऊ नका. ख्रिस्तप्रसादाआधी एक तासाचा उपवास आहे, पाणी आणि औषध सोडून. जहाजावर मिस्सा बहुधा थिएटरमध्ये होते, म्हणून हातात कॉफीचा कप घेऊन शिरणारेही मी पाहिलेत. सिनेमा नाहीये तो.

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ओढणी पर्समध्ये ठेवा.

मेणबत्त्या, उदबत्ती बॅगेत भरू नका. आगीच्या भीतीने जहाजावर जप्त होतात. रोझरीच्या जपाला बॅटरीवरची मेणबत्ती घ्या.

वायफायचं पॅकेज घेऊन आपल्या चर्चची मिस्सा यूट्यूबवर बघणं ही प्रार्थना झाली, हजेरी नव्हे.

खलाशांची मिस्सा

जहाजावर काम करणारी पोरं फिलिपीन्सची, गोव्याची, आपल्या मुंबईची असतात आणि त्यांत कॅथलिक पुष्कळ. जहाजावर फादर असले की ही पोरं त्यांना गाठतात. मग ड्युटी संपल्यावर, रात्री अकरा-साडेअकराला, त्यांच्यासाठी मिस्सा होते. जेवणाच्या टेबलावरच्या गोव्याच्या वेटरशी दोन शब्द कोंकणीत बोललात तर तो हळूच सांगेल. पण बोलावलं तरच जा, मागे बसा, आणि फोन काढू नका. एका सफरीत आमच्यातले दोघे न विचारता तिथे जाऊन पहिल्या रांगेत बसले आणि वर फादरांना म्हणाले, जरा लवकर ठेवता आली नसती का? ज्या पोराने त्या दिवशी बारा तास ताटं उचलली तो मागे उभा होता.

सोबत आपलेच फादर असतील तर

छान. पण केबिनमध्ये बारा जण कोंबून मिस्सा करू नका. निघण्याआधी कंपनीला लिहून एखादी छोटी खोली मागा. सकाळी लवकर पत्त्यांची खोली रिकामी असते आणि बहुतेक देतात. होस्तिया (मिस्सेचा पातळ पाव) आणि द्राक्षारस कोण आणणार ते निघण्याआधी ठरवा, कारण बाटल्या आणण्यावर जहाजाचे नियम असतात. आणि फादरही सुट्टीवर आहेत. रोज केबिन आशीर्वादित करून मागू नका.

खरंच काही जमत नसेल तर

रविवारी सकाळी जहाजावर चढायचं असेल तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा करून निघा, ती रविवारचीच धरतात. रविवार पूर्ण समुद्रात जाणार असेल तर आपल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांना निघण्याआधी भेटा. योग्य कारण असेल तर ते सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं भक्तिकार्य सांगू शकतात. धर्मगुरूच नसल्याने मिस्सा अशक्य असेल तर दोष लागत नाही. चर्चचा कायदा अशा वेळी शब्दविधीत (मिस्सेशिवाय होणाऱ्या वाचन-प्रार्थनेत) सहभागी व्हायला किंवा कुटुंबासोबत पुरेसा वेळ प्रार्थना करायला सुचवतो. वादळाने बंदर रद्द झालं तरी हेच. त्या दिवसाची वाचनं आधीच छापून न्या, डेकवर सकाळी सहाला जागा मोकळी असते. परत आल्यावर "फादर, चुकली, आता काय?" विचारणारे पुष्कळ. निघण्याआधी विचारायला ऑफिसच्या वेळेत दहा मिनिटं लागतात, आणि बाल्कनी कुठल्या बाजूला घ्यायची यावर याच माणसांनी आठवडा घालवलेला असतो.